आईचा डावा हात आणि अहरोनाचा आशीर्वाद

भाऊ, सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही लहान होतात तेव्हापासून आई रोज रात्री तुम्हा भावंडांच्या डोक्यावर हात ठेवून बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद म्हणत असे. दहावीच्या परीक्षेला निघताना, नोकरीच्या पहिल्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, हे वचन कधी चुकले नाही. गेल्या वर्षी आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आता रविवारी उपासनेच्या शेवटी पाळक हात वर करून 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो' म्हणू लागले की तुम्ही उठून बाहेर जाता. तुम्ही विचारता, जिने जन्मभर हे वचन दिले तिचेच संरक्षण झाले नाही, मग रोजच्या जगण्यात त्याचा अर्थ काय उरला? आणि आता माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मी ते कोणत्या तोंडाने म्हणू?

'कोणत्या तोंडाने' हे शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, पण त्या वचनाच्या गाभ्यालाच हात घातलात. त्या तीन ओळी तोंडाविषयीच आहेत.

मी तीसेक वर्षे पाळक म्हणून काम केले, निम्मी नगर जिल्ह्याच्या खेड्यांत आणि निम्मी शहरात. या काळात हा आशीर्वाद किती वेळा उच्चारला असेल याचा हिशेब नाही. बारशाला, लग्नात, नव्या घरात, आयसीयूच्या दाराशी आणि कबरस्तानाच्या फाटकातही. म्हणून उत्तर पुस्तकातून कमी आणि या वापरातून जास्त येईल. एक गोष्ट आधीच सांगतो. आईला हे का झाले, याचे उत्तर मी देणार नाही. 'विश्वास कमी पडला', 'घरात काही पाप असेल' असे कोणी सांगितले असेल तर ते मनातून काढून टाका. संकटात सापडलेल्या ईयोबाला असलेच ऐकवणाऱ्या त्याच्या मित्रांवर शेवटी देवच रागावला, हे शास्त्रात लिहिलेले आहे.

मला दिसतो तो खरा प्रश्न असा: आशीर्वाद पोहोचला की नाही हे ओळखायचे कशावरून? तब्येतीवरून, पगारावरून, मुलांच्या मार्कांवरून? आपण बहुतेक सगळे नकळत असेच ओळखत आलो आहोत. चांगले झाले की 'देवाचा आशीर्वाद', आणि वाईट झाले की गप्प.

आता वचनाकडे येऊ. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, ते असे म्हणतात: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो; परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो व तुझ्यावर कृपा करो; परमेश्वर आपले मुख तुझ्याकडे करो व तुला शांती देवो. मूळ हिब्रूत पहिली ओळ तीन शब्दांची, दुसरी पाचांची, तिसरी सातांची. ओढ्याला पाणी चढत जावे तशी एकेक ओळ रुंदावत जाते. एकूण शब्द पंधराच. पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो 'तुला' हा शब्द. या पुस्तकाचे नावच गणना. सुरुवातीला वीस वर्षांवरच्या, लढाईला लायक पुरुषांची शिरगणती होते आणि आकडा येतो 6,03,550. इतक्या लोकांवर बोलायचा आशीर्वाद 'तुम्हा सर्वांना' असा असायला हवा होता. हिब्रूत मात्र तो एकवचनी आहे. मोजणीच्या पुस्तकात देव एकेकट्याशी बोलतो. तुमच्या आईने हे व्याकरण शिकले नसेल, पण तिने तेच केले. सगळ्या भावंडांना रांगेत बसवून एकदाच नाही म्हटले. प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळा हात ठेवला.

त्यापुढचे 27वे वचन आपण सहसा वाचत नाही. तिथे देव म्हणतो, याजकांनी माझे नाव इस्राएल लोकांवर ठेवावे, म्हणजे मी त्यांना आशीर्वाद देईन. मूळ भाषेत त्या 'मी'वर जोर आहे. आशीर्वाद याजकाच्या खिशातला नसतो. त्याने नाव ठेवायचे, देणारा वेगळा. आईची वाचा गेली म्हणून आशीर्वाद आटला असे होत नाही ते एवढ्याच कारणाने, की तो तिच्या जिभेतून उगवत नव्हताच.

आणि हे शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडी दिले ते पाहा. मोशेचा भाऊ आणि इस्राएलाचा पहिला महायाजक अहरोन, आणि त्याचे मुलगे. अहरोनाला चार मुलगे होते. गणनाच्या आधीच्या लेवीय या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात तो पहिल्यांदा लोकांकडे हात उचलून त्यांना आशीर्वाद देतो. लगेच दहाव्यात त्याचे थोरले दोघे, नादाब आणि अबीहू, वेदीच्या सेवेतच आगीने मरतात. तिथे एक लहानसे वाक्य आहे: अहरोन गप्प राहिला. गणनाच्या तिसऱ्या अध्यायात त्या दोघांच्या मरणाची पुन्हा नोंद येते, आणि सहाव्यात त्याच बापाला आज्ञा होते की लोकांना म्हण, परमेश्वर तुझे संरक्षण करो. दोन मुले गमावलेल्या माणसाला! कितीतरी वर्षे मी हे वचन म्हणत होतो, पण ते कोणाच्या तोंडून निघाले हे माझ्या ध्यानात आले नव्हते. एका तरुण मुलाच्या दफनविधीत मला ते म्हणायचे होते आणि म्हणवत नव्हते, त्या रात्री घरी येऊन हे अध्याय ओळीने वाचले. अहरोनाने 'माझेच संरक्षण झाले नाही, मी कोणत्या तोंडाने म्हणू' असे म्हटले असते तर त्याला कोण दोष देणार होते? तरी हे शब्द त्याच्याच हवाली केले गेले. म्हणजे हा आशीर्वाद ज्यांचे सगळे सुरळीत आहे त्यांनी द्यायचा म्हणून ठेवलेलाच नाही.

मग 'संरक्षण' म्हणजे काय? मूळ शब्दाचा अर्थ राखणे. एदेन बागेची मशागत व राखण करायला माणसाला ठेवले, तिथे हेच क्रियापद आहे. सख्ख्या भावाला मारून आलेला काइन उर्मटपणे विचारतो, मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय, तिथेही हेच. 121व्या स्तोत्रात, उण्यापुऱ्या आठ वचनांत, ते सहा वेळा येते. मी खेड्यात असताना जोंधळा हुरड्यात आला की रानात माळे बांधलेले दिसायचे. राखणीला बसलेला माणूस थंडीत रात्र काढायचा, हातात गोफण. पाखरे तरी यायचीच, रानडुकरेही यायची. पण शेत बेवारस नसायचे. उपमा पुरती बसत नाही हे मला कळते, कारण देव काही पाखरांपुढे हतबल नाही. पण शब्दाचा रोख तिकडेच आहे. ज्या लोकांवर सीनाय डोंगरापाशी हे वचन उच्चारले गेले ते पुढे चाळीस वर्षे रानात हिंडले, तहानले, भांडले, मेले. खुद्द अहरोनही वचनदत्त देश न बघता होर डोंगरावर वारला. बेवारस मात्र ते एक दिवसही नव्हते.

यरुशलेमच्या जुन्या शहराबाहेर, हिन्नोमच्या दरीवर, 1979 साली गाब्रिएल बार्काय या पुरातत्त्ववेत्त्याच्या खोदकामात एका कबरीत चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. सिगारेटच्या थोटकाएवढ्या. त्या न मोडता उलगडायलाच काही वर्षे लागली. मोठी उलगडली तेव्हा जेमतेम दहा सेंटिमीटर लांब भरली. दोन्हींवर सुईने कोरल्यासारख्या अक्षरांत याच आशीर्वादाच्या ओळी निघाल्या. त्या साधारण इसवी सनापूर्वी 600च्या आसपासच्या, म्हणजे मृत समुद्राजवळ सापडलेल्या शास्त्राच्या प्रसिद्ध गुंडाळ्यांहूनही काही शतके जुन्या. शास्त्रातले शब्द असलेला याहून जुना पुरावा अजून हाती आलेला नाही. बहुधा कोणीतरी त्या गळ्यात घालत असावे. मला त्यात भिडते ते त्यांचे वय नाही. त्या कबरीत होत्या. ज्याच्या अंगावर 'तुझे संरक्षण करो' होते तो माणूस मेला, आणि त्याच्या घरच्यांनी ते काढून फेकले नाही. त्याच्याबरोबरच ठेवले. त्यांच्या मते वचनाचे काम मरणापाशी संपले नव्हते.

यावरून लॉकेट आणि दारावरच्या पाट्यांविषयी. कोणी विचारले तर मी रागावत नाही, लावा म्हणतो. पण ताईत समजून नको. इन्सुलिन चुकवून लॉकेट घातलेली माणसे मी पाहिली आहेत. तसे करू नये. तुमच्या आईची फिजिओथेरपी आणि औषधे हीसुद्धा राखणच आहे.

आता तोंडाकडे वळतो, कारण माझ्या मते वचनाचे वजन तिथे आहे. तीन ओळींपैकी दोन ओळी देवाच्या मुखाविषयी आहेत. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तोंड फिरवणे म्हणजे काय, एखाद्याचे तोंडही न पाहणे म्हणजे काय, हे आपल्याला भाऊबंदकीत चांगले कळते. काइनाचे तोंड उतरले असे शास्त्र म्हणते, आणि पुढच्या काही वचनांत तो भावाचा जीव घेतो. याकोब वीस वर्षांनी आपल्या भावाला, एसावला भेटतो, ज्याला फसवून पळाला होता त्याला, आणि म्हणतो, तुझे मुख पाहणे म्हणजे देवाचे मुख पाहण्यासारखे आहे. मुख आपल्याकडे आहे की फिरलेले, यावर माणसाचे घर उभे राहते किंवा पडते. आशीर्वादात मागितले आहे ते हे: देव तुझ्याकडे बघो. बघताना त्याचा चेहरा उजळो. तो तोंड न फिरवो. कृपा आणि शांती त्या बघण्यातून येतात.

हे मला कोणी शिकवले ते सांगतो. पाळकपणाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी आशीर्वाद डोळे मिटून, भराभर म्हणत असे. खाली लोक चपला शोधू लागलेले असायचे. मंडळीतले एक ज्येष्ठ, निवृत्त शाळामास्तर, एकदा उपासनेनंतर थांबले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, प्रार्थनेत तुमचे तोंड देवाकडे असते, तेव्हा डोळे मिटा. आशीर्वाद देताना तुम्ही त्याच्या वतीने आमच्याकडे बघत असता. तेव्हा तरी डोळे उघडा." पुढच्या रविवारी मी डोळे उघडे ठेवले आणि जे दिसले ते आजवर विसरलो नाही.

पत्र्याचे देऊळ, म्हणजे आमचे चर्च, खाली सतरंज्या, एका बाजूला बाया बसलेल्या. मागच्या भिंतीशी एक म्हातारी होती, शेंगा तोडायला जाणारी. मी हात वर करताच तिने डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी पुढे ओढून मांडीवर पसरला, सुपात धान्य घ्यावे तसा. 'शांती देवो' झाले, तिने पदराची टोके गोळा केली, गाठ मारली आणि कमरेला खोचली. बाहेर आल्यावर मी विचारले, आजी, काय बांधलंत? ती म्हणाली, "साहेब, नातू घरी आजारी हाय. त्याच्यासाठी नेते. रिकाम्या हातानं कशी जाऊ?" घरी गेल्यावर काय करता? "गाठ सोडते आन् त्याच्या तोंडावरून पदर फिरवते."

तो नातू त्या वर्षी बरा झाला नाही. पुढे बराच काळ अंथरुणाला होता. म्हातारीने पदर पसरणे थांबवले नाही, आणि मी तिला कधी 'उपयोग काय होतो' असे विचारले नाही, कारण त्या पोराचा चेहरा मी पाहिला होता. आजी रविवारी दुपारी दारात दिसली की तो बसता व्हायचा. कोणीतरी आपल्यासाठी काही बांधून आणते, हे त्याला माहीत होते.

इथवरचे जोडून घ्या: वचन एकेकट्याला आहे, देणारा देव आहे, ते पहिल्यांदा म्हणणारा स्वतः पोळलेला होता, आणि त्यात मागितलेली मुख्य गोष्ट देवाचे आपल्याकडे वळलेले मुख आहे. तुमच्या आईच्या बाबतीत हे चारही अजून तसेच आहे. आजारपणाने यातले एकही हिरावलेले नाही.

'शांती'बद्दल थोडे बोलतो, कारण या शब्दाचा दुरुपयोग फार होतो. मूळ शब्द शालोम. आपण नगरकडचे ख्रिस्ती एकमेकांना ज्या 'सलाम'ने भेटतो त्याचा हा सख्खा भाऊ. अर्थ पुरेपणाचा, काही मोडलेले नसण्याचा. घरात मारहाण होत असताना सुनेला 'शांती ठेव' म्हणणे हा या शब्दाचा अपमान आहे. अशा घरी मी आशीर्वाद देऊन निघून आलेलो नाही. तिला आधी सुरक्षित जागी पोहोचवावे लागते. यिर्मया संदेष्टा बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहितो की ज्या शहरात तुम्ही आहात त्याचे शालोम शोधा, म्हणजे घरे बांधा, बागा लावा. शालोम हाताला काम लावणारा शब्द आहे. तुम्ही आईची कूस बदलता, तिला भरवता, तेव्हा त्या तिसऱ्या ओळीचेच काम करत असता.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या काही गोष्टी आहेत. हात उचलून मंडळीला आशीर्वाद कोणी द्यावा याबद्दल मंडळ्यांची शिस्त वेगवेगळी आहे. काही ठिकाणी दीक्षित पाळकच देतात, काही ठिकाणी वडीलमंडळीही. आपापल्या मंडळीची रीत पाळावी. घरची गोष्ट निराळी. ज्यू घरांत आजही शुक्रवारी संध्याकाळी आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवून हेच शब्द म्हणतात. तुमच्या आईने कोणाची परवानगी घेतली नव्हती, तुम्हालाही ती लागणार नाही. दुसरे, मुलीचे वय. पाच वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर सहज हात ठेवता येतो. चौदाव्या वर्षी तिला मैत्रिणींसमोर संकोच वाटेल. तेव्हा दाराशी हळू म्हणा, किंवा ती झोपल्यावर. भांडण झाले असेल तर आधी माफी मागा, मग आशीर्वाद द्या. विषय मिटवायला तो वापरू नका. आणि डोळे उघडे ठेवा. तिला तुमचा चेहरा दिसू द्या. शब्द घशात अडकले तर अडकू द्या, तिच्यासमोर रडू आले तरी चालेल. पोळलेल्या बापाच्या तोंडी हे शब्द नवे नाहीत.

आता आईबद्दल. लूकच्या शुभवर्तमानाची सुरुवात आठवा. जखऱ्या याजक धूप जाळायला मंदिरात जातो. बाहेर लोक खोळंबले आहेत. त्या काळी धूपार्पण झाले की याजक बाहेर येऊन लोकांवर हाच आशीर्वाद उच्चारत. जखऱ्या बाहेर येतो आणि त्याला बोलता येत नाही. तो नुसत्या खुणा करत राहतो. लूक आशीर्वादाची वाट बघणाऱ्या लोकांना तसेच उभे ठेवून पुढे जातो, आणि थेट शेवटच्या अध्यायात, बेथानीजवळ, येशू हात उचलून शिष्यांना आशीर्वाद देतो. थोड्याच वेळापूर्वी त्याने तेच हात त्यांना दाखवले होते, खिळ्यांचे. आशीर्वाद देता देताच तो त्यांच्यापासून वर घेतला गेला, असे लूक लिहितो. मुक्या याजकाच्या खुणांपासून त्या हातांपर्यंत अख्खे शुभवर्तमान आहे. तुमची आई आज जखऱ्याच्या जागी आहे.

एक व्यवहारातली गोष्ट. पक्षाघाताने बोलणे गेलेल्या काही माणसांना नवे वाक्य जुळवता येत नाही, पण वर्षानुवर्षे पाठ असलेली गाणी आणि प्रार्थना येतात. आमच्या मंडळीतल्या एका काकांना पाणी मागता येत नव्हते, पण ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे भजन सुरू झाले की ते शब्दांसकट म्हणायचे. प्रत्येकाचे असे होत नाही, मेंदूला कुठे आणि किती इजा झाली यावर ते आहे. स्पीच थेरपिस्टना सांगा की आईला हे वचन तोंडपाठ आहे. तिच्याजवळ बसून सावकाश म्हणा, प्रत्येक ओळीआधी थांबा. ओठ हलतात का बघा. नाही हलले तरी म्हणा.

आणि आज रात्री एक करून बघा. मुलीला आजीच्या खाटेशी न्या. तुम्ही लिहिले आहे की आई नेहमी उजवा हात ठेवायची आणि तो आता उचलत नाही. डावा चालतो ना? उत्पत्तीच्या 48व्या अध्यायात म्हातारा याकोब, डोळ्यांनी नीट दिसत नसलेला, अंथरुणावर उठून बसतो आणि आपला मुलगा योसेफ याच्या दोन्ही मुलांना आशीर्वाद देतो. हात आडवे टाकून त्याने उजवा एफ्राईमच्या डोक्यावर ठेवला आणि डावा थोरल्या मनश्शेच्या. मनश्शेला डाव्या हाताचा आशीर्वाद मिळाला आणि तोही एक मोठे कुळ झाला. आईचा डावा हात उचलून मुलीच्या डोक्यावर ठेवा, वर तुमचा हात ठेवा, आणि शब्द तुम्ही म्हणा. म्हणताना आईच्या चेहऱ्याकडे बघा.